जावयाचा कॅमेरा

माझ्या पहिल्या कॅमेऱ्याला आमच्या घरात आजही ‘जावयाचा कॅमेरा’ म्हणतात. तो मी निवडला, माझ्या कमाईतून घेतला, त्याच्यासाठी दोन वर्षं नवा कपडा अंगाला लावला नाही, तरी नाव जावयाचं. जावई म्हणजे माझ्या ताईचा नवरा. कुणी बोलता बोलता सहज तसं म्हटलं, की अजूनही माझ्या डोक्यात तिडीक जाते आणि मी उठून आत जाते. एवढं वय झालं, आता कशाला तेच धरून बसायचं, असं लोक म्हणतात. वयाने राग जातो हे मला तरी कुठे दिसलेलं नाही.

आम्ही तेव्हा ऊर्जानगरला राहत होतो. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. वीज केंद्र नवं होतं आणि कॉलनीतली झाडं माणसाच्या कमरेएवढी होती. बाबा केंद्रात फिटर. दोन खोल्यांचं क्वार्टर, त्यात बाबा, आई, ताई आणि मी. वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर राखेची पूड बसायची. आई रोज केंद्राच्या चिमणीच्या नावाने बोटं मोडायची आणि पगाराच्या दिवशी तेवढी गप्प असायची.

माझी चित्रकला बरी होती, म्हणून बारावीनंतर मला चंद्रपुरातल्या एका स्टुडिओचं काम मिळालं, फोटो रंगवायचं. रंगीत रोल तेव्हा आले होते, पण महाग पडत आणि धुवायला नागपूरला पाठवावे लागत. त्यामुळे काळापांढरा फोटो काढून त्यावर हाताने रंग चढवायची पद्धत आमच्याकडे टिकून होती. ओठांना लाल, गालांना गुलाबी, साडीला गिऱ्हाईक सांगेल तो रंग. कंपनीच्या बसने शहरात जायचं, फोटो घेऊन यायचं आणि खिडकीपाशी बसून रंगवायचं, असं माझं चाललं होतं.

त्यातले निम्मे फोटो लग्नाच्या पोरींचे असत, स्थळाला दाखवायचे. त्या पोरींचे डोळे मला बघवत नसत. सगळ्यांचे डोळे घाबरलेले. का, ते मी स्टुडिओत बसून पाहिलं होतं. स्टुडिओवाला पडद्यामागे पोरीला स्टुलावर बसवायचा आणि ‘मान थोडी अशी’ म्हणत हनुवटीला धरून तिचं तोंड वळवायचा. मग पुन्हा वळवायचा. मग खांद्यावरचा पदर सारखा करायचा. बाहेर बाकावर बसलेल्या आईला यातलं काही दिसत नसे. पोरगी लाकडासारखी ताठ व्हायची आणि नेमकं तेव्हा तो बटण दाबायचा. मग तो चेहरा माझ्याकडे यायचा आणि त्याच्या गालांवर मी गुलाबी रंग भरायची. एके दिवशी मी ब्रश खाली ठेवला आणि ठरवलं, की या पोरींचे फोटो आपण काढायचे.

शेजाऱ्यांकडे एक साधा डबा कॅमेरा होता. तो उसना आणून ताईचा फोटो काढला. लांबून काढला तर ताई कमी आणि भिंत जास्त. जवळ गेले तर सगळं धुरकट. स्टुडिओवाल्याला मी ताकास तूर लागू न देता, सहज विचारल्यासारखं विचारलं.

“चेहऱ्याले लांब लेन्स लागते बाई,” तो हसत म्हणाला. “जवळ जाऊन काढला का नाकच नाक येते. तुह्या डब्याची लेन्स बदलते का?”

बदलत नव्हती. लेन्स बदलता येणारा कॅमेरा असतो, हेच मला त्या दिवशी कळलं. आणि हेही कळलं, की लांब लेन्स असली म्हणजे पोरीपासून दूर उभं राहूनही तिचा चेहरा भरून येतो. दूर उभं राहायचं, हात लावायचा नाही आणि चेहरा भरून घ्यायचा. मला दुसरं काय हवं होतं?

पैसे कसे जमवले ते सांगत बसत नाही. फोटो रंगवून माणूस श्रीमंत होत नाही, एवढं पुरे. जमत आले तसं मी कॉलनीतल्या क्लबाच्या रद्दीतून फोटोग्राफीची जुनी इंग्रजी मासिकं आणून डिक्शनरी घेऊन वाचू लागले. आई म्हणायची, एवढा अभ्यास बारावीला केला असता तर नर्स झाली असती.

कॅमेरा घ्यायला नागपूरला गेले तेव्हा बाबा सोबत आले. एकट्या पोरीला नागपूरला पाठवायचं नव्हतं हे एक, आणि यंत्र घ्यायचं तर फिटरने बघितलं पाहिजे हे दुसरं. सीताबर्डीच्या एका गल्लीत जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान होतं. दुकानदाराने माझा आकडा ऐकला, मान हलवली आणि दोन कॅमेरे काउंटरवर ठेवले, एक जपानी आणि एक रशियन.

जपानी देखणा होता. हलका, बटण दाबलं तर चुटकीएवढाच आवाज. मी तो हातात घेतला आणि सोडवेना. पण त्याची लेन्स एका खास खाचेत बसायची, त्याच कंपनीची लागायची, आणि त्याच्यावर जी होती ती आखूड होती. लांब लेन्स मागाहून घ्या, दुकानदार म्हणाला. मागाहूनची किंमत ऐकून बाबांनी तो कॅमेरा माझ्या हातातून हळूच काढून काउंटरवर ठेवला.

रशियन कॅमेरा जड, धटिंगण. बटण दाबलं की आतला आरसा असा खाडकन वर जायचा, की शेजारच्या दुकानातला माणूस वळून बघेल. पण त्याची लेन्स आट्यांची होती. नट फिरवतात तशी फिरवायची की बसली. तेच आटे पुष्कळ जुन्या कॅमेऱ्यांना होते, त्यामुळे कुठल्याही देशाची जुनी लेन्स मिळाली तरी चालणार होती.

आटे म्हटल्याबरोबर बाबांचा चेहरा उजळला. तोवर ते दुकानात पाहुण्यासारखे उभे होते. त्यांनी लेन्स काढली, बसवली, पुन्हा काढली, आट्यांवरून अंगठा फिरवला, कॅमेरा कानाशी धरून बटण दाबलं. “लोखंड चांगलं हाय,” ते म्हणाले. “हे तुह्या नातवायलेही पुरते.”

त्या कॅमेऱ्यावर नेहमीची आखूड लेन्स होती. कपाटात तशाच आट्यांची एक लांब लेन्स होती, जर्मन, वरून घासलेली पण काच स्वच्छ. दोन्ही घ्यायची ऐपत नव्हती. मी म्हटलं, आखूड तुम्ही ठेवून घ्या, लांब द्या.

दुकानदाराने चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. “बाई, ही पहली लेन्स कोणी सोडत नाई. इतकी सालं दुकान करून राह्यलो, असं गिऱ्हाईक नाई पाह्यलं. घरातल्या घरात फोटो कसा काढसान?”

“घरात नाई काढायचा,” मी म्हटलं. “आंगणात काढायचा.”

तो बाबांकडे वळला, माझ्या नादी न लागता खरं गिऱ्हाईक गाठावं तसा. बाबा म्हणाले, “तिले समजते. ती म्हणते ते द्या.”

त्या दिवशी मला बाबांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता, नंतर तर नाहीच. पुढचा राग एवढा टिकला तो या एका वाक्यामुळे. ज्या बापाला कळतच नाही त्याच्यावर माणूस किती दिवस रागावणार? माझ्या बापाला कळत होतं.

पुढचे काही महिने चांगले गेले. ताईला अंगणात उभी करून मी लांब जाऊन उभी राहायची, आणि तिथून ओरडून सांगायची, अशी बघ, तशी बघ. ती हसायची. त्या हसण्यात बटण दाबलं की झालं. तिचे फोटो बघून कॉलनीतल्या बाया आपल्या पोरी घेऊन यायला लागल्या. फोटो काढताना पोरीची आई शेजारी उभी असायची, पोरगी आईकडे बघून लाजायची, आणि तो चेहरा मी घ्यायची. स्टुडिओवाल्याच्या कानावर गेलं तसा तो माझ्याशी तिरकं बोलायला लागला. मला त्याचं काही वाटलं नाही.

त्याच्याच स्टुडिओत मला वडशाची एक नटी भेटली. झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर, धान निघालं की सुरू होतात आणि होळीपर्यंत गावोगावी चालतात. त्या सगळ्या कंपन्यांचं ठाणं वडशाला. हंगामाच्या आधी हँडबिलं छापतात, त्यावर नटींचे चेहरे लागतात. त्या बाईने मी काढलेला एक फोटो माझ्या पिशवीत पाहिला आणि मला बाहेर पायरीवर बोलावलं.

“या भाऊच्या पडद्यामागं आमाले नाई जाऊ वाटत,” ती म्हणाली. “तू वडशाले ये. आमच्या कंपनीतल्या साऱ्या बायांचे फोटो तूच काढ. चांगले निघाले तर बाकीच्या कंपन्याही तुलेच बोलावतीन.”

मला त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. एक हिवाळा नीट गेला असता, तर मी रंगवायचं काम सोडून स्वतःची जागा घेणार होते. पडदा नसलेली. जायचं ठरलं. ताईचं लग्न तोवर जमलं होतं, त्याच्या पुढच्या आठवड्यात.

ताईचं लग्न जमलं ते मी काढलेल्या फोटोवरच. तो फोटो हातोहात जिवतीकडे गेला. तिकडच्या डोंगरातल्या एका शाळेवर मास्तर असलेल्या मुलाने तो पाहिला आणि बघायला आला. शिकलेला, नोकरीवाला, सुपारीचंही व्यसन नाही. आमच्या घरात सगळे खूश. चहा झाल्यावर त्याने विचारलं, “फोटो कोणी काढला?” बाबांनी मोठ्या कौतुकाने माझं नाव सांगितलं आणि कॅमेरा आणायला लावला. पाहुण्याने तो डोळ्याला लावला, खिडकीतून चिमणीवर रोखला, आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

“यानं वाघाचा फोटो निघल का?”

“निघल,” मी म्हटलं. “वाघ थांबला तर.”

सगळे हसले, तोही हसला. मीही हसले, याचा मला आता राग येतो.

लग्न आमच्या पद्धतीचं झालं. पांढऱ्या साडीतली ताई, पांढऱ्या कपड्यांतला नवरदेव, त्रिशरण, पंचशील, सगळ्यांसमोर एकमेकांना दिलेली वचनं, फुलं, झालं. मुहूर्त नाही, हुंडा नाही, देणंघेणं नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा हे सारं टाकून दिलं होतं. त्याचा मला अभिमान होता आणि आजही आहे. एक गोष्ट तेवढी टाकायची राहून गेली, पंगतीतला रुसवा.

रुसवा असा, की नवरदेव पंगतीला बसतो, ताट वाढून होतं, पण तो हात लावत नाही. रुसतो. मग सासरा काही वस्तू घेऊन येतो, घड्याळ, रेडिओ, सायकल, जशी ऐपत असेल तशी. नवरदेव हसतो, घास घेतो, पंगत टाळ्या वाजवते. याला गंमत म्हणायचं. आसपासच्या गावांतून सगळ्यांच्याच लग्नांत होती, तशी आमच्यातही राहिली. हुंड्याला ठणकावून नाही म्हणणारे लोक या गमतीपुढे मऊ व्हायचे. गमतीला नाही म्हणणारा माणूस खडूस ठरतो ना.

बाबांनी घड्याळ आणून ठेवलं होतं. मी सकाळपासून गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडत होते. लांब लेन्सने सगळा मंडप येत नव्हता म्हणून नातेवाईक नाकं मुरडत होते, पण मी एकेकाचे चेहरे घेत होते. ताई वचन म्हणताना, आई डोळे पुसताना, बाबा कुणालातरी हात जोडताना. आमच्याकडे दुसरा फोटोग्राफर नव्हता. मी असताना कशाला बोलवायचा?

नवरदेव पंगतीला बसला आणि रुसला. बाबांनी घड्याळ पुढे केलं. त्याने ते ताटाशेजारी ठेवलं आणि ताटाकडे बघत राहिला. पंगत हसायला लागली. शेजारी बसलेला त्याचा मित्र मोठ्याने म्हणाला, “जावईबापूले टाइम नाई पाह्यचा, वाघ पाह्यचा हाय! जंगलात राह्यतात ते. कॅमेरा द्या, कॅमेरा!” मग सगळी पंगत ‘कॅमेरा, कॅमेरा’ करायला लागली. नवरदेव स्वतः एक शब्द बोलला नाही. मास्तर माणूस, तोंडाने कसं मागणार? वरणभात थंड होत होता.

बाबा माझ्याकडे आले. त्यांच्या कपाळावर घाम होता. हळू आवाजात म्हणाले, “दे बाई.”

“बाबा, हा माहा हाय.”

“हाव. मले मालूम नाई का? दुसरा घेऊ नंतर.”

“कुठून घेऊ? मले वडशाले जायचं हाय.”

तेवढ्यात आई आली. “लोक पाहून राह्यले,” ती दात-ओठ खात म्हणाली. “बहिणीचं लग्न हाय. अन् तुले कायले एवढं? उद्या तू बी दुसऱ्याच्या घरी जाशीन, तवा कोणाचा राह्यल तो?”

म्हणजे हा कॅमेरा एका ना एका जावयाचाच होता. माझ्याकडे तो नुसता सांभाळायला होता. मी ताईकडे पाहिलं. ती बायांमध्ये बसली होती. तिने कुणाला दिसणार नाही अशी मान हलवली. देऊ नको. त्या मंडपात मला नको म्हणणारी ती एकटी, आणि तिलाच तर त्या घरी जायचं होतं.

आईने पट्टा माझ्या गळ्यातून काढायला हात घातला, तेव्हा मी म्हटलं, “थांब. त्यायनं कॅमेरा मागतला ना? देते.”

मी लेन्स धरली आणि फिरवली. आटे सुटले. लेन्स माझ्या पिशवीत टाकली, कॅमेऱ्याच्या तोंडावर काळं झाकण बसवलं, तो चामडी कव्हरमध्ये घातला, कव्हरची बटणं लावली आणि बाबांच्या हातात दिला. हे सगळं मी सगळ्यांच्या देखत केलं आणि कुणालाच काही कळलं नाही. कव्हरमध्ये घातला की बिनलेन्सचा कॅमेराही कॅमेराच दिसतो. कळलं फक्त बाबांना. त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कव्हर घेऊन नवरदेवाकडे गेले. टाळ्या वाजल्या. नवरदेवाने घास घेतला.

रोल आतच राहिला होता. माझ्या ध्यानात आलं तेव्हा ताई निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी जावयाने घरी कव्हर उघडलं, झाकण काढलं तर आत नुसतं भोक. काय बिघडलं ते पाहायला त्याने अंगणात, भर उन्हात, कॅमेऱ्याचं मागचं दार उघडलं, आणि ऊन लागून सगळा रोल जळला. ताईच्या लग्नाचा एकही फोटो आमच्या घरात नाही. तिच्याही नाही.

जिवतीहून निरोप आला, सासऱ्याने तोंडाला पानं पुसली म्हणून. बाबा माझ्यासमोर येऊन बसले. “लेन्स दे.” मी नाही म्हटलं. “माही मान खाली गेली. अर्धी वस्तू दिली मी जावयाले.” मी पुन्हा नाही म्हटलं. आईने रडून पाहिलं. लेन्स उशाखाली घेऊन झोपते म्हणून ती शेजारणींना सांगायची. तेवढं नव्हतं, पण पेटीला कुलूप लावलं होतं हे खरं. मी लेन्स दिली नाही आणि त्याचा मला एक दिवसही पश्चात्ताप झाला नाही. अर्धी वस्तू, अर्धी वस्तू, हे बाबा पुढे कितीतरी दिवस घोकत होते. माझी मात्र पुरी वस्तू गेली होती, त्याबद्दल ते एकदाही बोलले नाहीत.

वडशाला मी गेले नाही. नुसती लेन्स घेऊन काय जाणार? निरोप पाठवला, आणि मग स्टुडिओवालाच तिकडे गेला. तिथेही पडदा बांधला असेल त्याने. पंधरवड्याने ते फोटो माझ्याकडे रंगवायला आले. त्या नटीचा फोटो सगळ्यात वरच होता. ताठ मान आणि तेच डोळे. मी तिचे गाल गुलाबी केले, ओठ लाल केले आणि पुढचा फोटो घेतला.

बुद्धपौर्णिमेला ताई माहेरी आली. रोडावली होती. तिच्या घरी कॅमेऱ्यावरून टोमणे चालूच होते. मीच तिला विचारलं, “तुले देऊ का लेन्स? घेऊन जा, सुटशीन तरी.”

“देऊ नको,” ताई म्हणाली. “ते देल्लं तर दुसरं काई मागतीन. हे अर्धं राह्यलं हाय तवरोक त्याच्यावरच भागून राह्यलं.”

ताई टोमणे खात राहिली आणि तिने ती लेन्स शेवटपर्यंत मागितली नाही. कॅमेरा तिच्या कपाटात वर पडलेला असायचा. मी गेले की तो मला दिसायचा आणि मी त्याच्याकडे बघायची नाही. लेन्स इकडे माझ्याकडे. तिचा उपयोग मी एकच केला. बारीक फोटो रंगवताना ती डोळ्याला लावायची, त्यातून भुवया आणि पापण्या मोठ्या दिसतात. माझं लग्न झालं नाही. त्याचं खापर कॅमेऱ्यावर फोडत नाही, पण कुणी बघायला आलं की मी पंगतीचं आधी विचारून घ्यायची, आणि ती मंडळी पुन्हा येत नसत.

असं दशक संपत आलं आणि बाबा रिटायर झाले. फंडाचे पैसे मिळाले. त्यानंतर काही दिवसांनी सकाळी चहा पिता पिता ते मला म्हणाले, “नागपूरले चाल माह्यासंग. कॅमेऱ्याच्या दुकानात. तुले समजते.”

मी कप खाली ठेवला. दुसरा घेऊ नंतर, असं ते मंडपात म्हणाले होते. इतकी वर्षं मला वाटत होतं की ते विसरले. मी आत गेले, पेटी उघडली, लेन्स साडीच्या तुकड्यात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. नवा कॅमेरा घ्यायचा तर त्याच्यावर ही बसवून बघायला हवी ना. नागपूरपर्यंत बसमध्ये मी खिडकीतून बाहेर बघत होते, कारण बाबांकडे पाहिलं असतं तर रडू आलं असतं. मनातल्या मनात मी त्यांना माफ करून टाकलं होतं. वडशाचा नवा हंगाम तोंडावर होता.

दुकान तेच. दुकानदार म्हातारा झाला होता, चष्मा जाडा झाला होता. बाबा काउंटरपाशी जाऊन उभे राहिले आणि खिशातून चिठ्ठी काढावी तसं पाठ केलेलं बोलले, “रशियन कॅमेरा हाय. आट्यांचा. त्याले लेन्स पाह्यजे. जावयाचा हाय.”

मी पर्सवर हात ठेवून तशीच उभी राहिले.

दुकानदाराने कपाट धुंडाळलं. आट्यांच्या लेन्सा आता कोणी घेत नाही म्हणाला, आणि मागच्या फळीवरून एक आखूड लेन्स काढून फडक्याने पुसली. मी सोडून गेले होते तसलीच. कदाचित तीच असेल. ती काउंटरवर ठेवताना त्याने मला निरखून पाहिलं.

“तो कॅमेरा तं तुमीच नेला होता ना बाई? लांब लेन्स घेतली, अन् ही ठेवून गेल्या होत्या. मले पक्कं याद हाय. तुमचाच होता तो.”

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी लेन्स उचलली, आट्यांवरून अंगठा फिरवला.

“जावयाचा हाय तो,” ते म्हणाले. “बांधून द्या.”

परतीच्या बसमध्ये ते पुडकं मांडीवर घेऊन बसले होते. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा मी एवढा निवांत पाहिला नव्हता. वरोरा मागे पडल्यावर ते म्हणाले, “आता पुरा झाला. झाली मोकळी मान.”

“अन् माहा, बाबा?” मी विचारलं.

“तुहा काय?” ते म्हणाले.

ते टाळत नव्हते. माझ्याकडे वळून, कपाळाला आठी घालून, उत्तराची वाट बघत होते. त्यांना खरंच कळलं नव्हतं.